ग्रेटफुल डेडच्या मैफिलींचा साठा: सुरुवात कुठून करायची, ऐकायचं कसं

ग्रेटफुल डेड हा कॅलिफोर्नियातला रॉक बँड १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं वाजवत राहिला. तेवीसशेहून अधिक जाहीर कार्यक्रम झाले, आणि त्यातल्या बहुतेकांची रेकॉर्डिंग आज इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. एकेका तारखेची पाच-पाच, दहा-दहा रेकॉर्डिंग. रोज एक कार्यक्रम ऐकायचा म्हटलं तरी सहा वर्षं सहज जातील.

नवा श्रोता बहुधा ‘सर्वोत्तम दहा मैफिली’ अशी यादी शोधतो, त्यातली पहिली लावतो आणि वीस मिनिटांत बंद करतो. त्याच्या कानात काही खोट नसते. एखादी मैफल थोर का ठरली हे कळायला त्याच गाण्याची चार साधी रूपं आधी कानात मुरलेली असावी लागतात. यमन ज्याने कधीच ऐकला नाही त्याला पहिल्याच दिवशी एखाद्या दिग्गजाने यमनात केलेलं धाडस कसं उमगणार? इथेही तसंच आहे. म्हणून माझा क्रम असा: आधी एक गाणं, मग लागोपाठच्या काही रात्री, आणि त्यानंतर वर्षांचा नकाशा. यादी लागतेच, पण ती सर्वात शेवटी.

आधी एवढी तयारी

इंटरनेट आर्काइव्हवर ‘लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह’ हा विभाग २००२ पासून आहे आणि त्यात ग्रेटफुल डेडचं स्वतंत्र दालन आहे. ऐकायला खातं उघडावं लागत नाही. फोनवर ऐकणार असाल तर ‘रीलिसन’ हे मोफत ॲप घ्या. हाच साठा ते वर्ष, तारीख, ठिकाण असा लावून दाखवतं, आणि दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडता वाजवतं.

हे खंड न पाडणं किरकोळ समजू नका. हे वादक एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता जातात. पंचवीस मिनिटांची सलग वाटचाल फाइलींच्या सोयीसाठी तीन तुकड्यांत कापलेली असते, आणि प्लेअरने मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता घातली की नेमका जोडाचा क्षण मरतो. गाण्यांच्या यादीत दोन नावांमध्ये बाणासारखी खूण दिसली, उदाहरणार्थ ‘स्कार्लेट बिगोनियाज > फायर ऑन द माउंटन’, तर तिथे न थांबता पुढे गेले असा अर्थ. प्लेअरमध्ये क्रॉसफेडची, म्हणजे एक ट्रॅक विरताना दुसरा त्यात मिसळण्याची, सोय चालू असेल तर ती बंद करा. संगणकावर फूबार २००० हा प्लेअर खंड न पाडण्याचं काम चोख करतो.

तारखांबाबत आपल्याकडच्या वाचकाने जरा सावध असावं. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. सगळीकडे ज्या मैफलीचा गजर होतो ती ‘५/८/७७’ म्हणजे ८ मे १९७७ ची, पाच ऑगस्टची नव्हे. आर्काइव्हच्या पानांच्या नावात मात्र वर्ष, महिना, दिवस असा क्रम असतो, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही.

२००५ च्या नोव्हेंबरपासून साउंडबोर्डची, म्हणजे सभागृहाच्या ध्वनी-मिक्सरमधून थेट घेतलेली, रेकॉर्डिंग इथे फक्त ऐकता येतात, उतरवून घेता येत नाहीत. श्रोत्यांमधून केलेली रेकॉर्डिंग उतरवता येतात. ही मर्यादा पाळावी. ज्या बँडने आपल्या मैफिली लोकांना टेप करू दिल्या, त्या टेपा पैसे न घेता एकमेकांना द्यायची मुभा दिली, त्याच्याशी एवढं इमान राखायलाच हवं.

एका तारखेची दहा रेकॉर्डिंग: कोणतं निवडायचं

पानावर चार प्रकार दिसतील. एसबीडी म्हणजे साउंडबोर्ड, मिक्सरमधून थेट घेतलेलं. एयूडी म्हणजे श्रोत्यांमध्ये मायक्रोफोन लावून केलेलं. मॅट्रिक्स म्हणजे या दोहोंचं मिश्रण. एफएम म्हणजे रेडिओवरून प्रसारित झालेलं.

साउंडबोर्ड स्वच्छ, म्हणून तेच नेहमी चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण मिक्सरमधून जे गेलं ते सभागृहाच्या स्पीकरांसाठी होतं. लहान सभागृहात गिटारचा ॲम्प्लिफायर स्वतःच पुरेसा मोठा वाजत असेल तर मिक्सरमध्ये तिचा आवाज कमी ठेवला जाई, आणि टेपवर ती मागे पडलेली ऐकू येते. गायन मात्र पुढे. शिवाय साउंडबोर्डवर सभागृह नसतं. हजारो लोक एखादा सूर ओळखून एकदम उसळतात, तो क्षण तिथे पुसटसा येतो.

श्रोत्यांमधल्या चांगल्या टेपेत हे सगळं असतं. कान तयार करायला ६ ऑगस्ट १९७१, हॉलिवूड पॅलेडियम ही मैफल एयूडीमध्ये ऐका. पन्नास वर्षांपूर्वी गर्दीत उभं राहून कुणी इतकं सुरेख काम केलं, याचं आजही नवल वाटतं. पुढे ऑक्टोबर १९८४ मध्ये, बर्कलीच्या कार्यक्रमांपासून, बँडने टेप करणाऱ्यांसाठी मिक्सरच्या मागे अधिकृत जागाच राखून दिली. तिथे उंच दांड्यांवर मायक्रोफोनांचं रान उभं राही. त्या काळातली साउंडबोर्ड बरेचदा कोरडी आणि सपाट आहेत, म्हणून ऐंशीच्या दशकासाठी मी आधी एयूडी लावून बघायला सांगेन. वर्णनात ‘एफओबी’ दिसलं तर मायक्रोफोन मिक्सरच्याही पुढे, रंगमंचाजवळ होते. ही खूण बहुधा शुभ असते.

त्याखाली टेपेची वंशावळ दिलेली असते. मूळ रील, त्यावरून कॅसेट, तीवरून डॅट (डिजिटल टेप), मग सीडी, मग फ्लॅक ही संगणकावरची फाइल, असं बाणांनी लिहिलेलं. इंटरनेटच्या आधी या टेपा पोस्टाने एकाकडून दुसऱ्याकडे जात आणि घरच्या डेकवर त्यांची नक्कल होई. कॅसेटवरून कॅसेट अशा प्रत्येक नकलेत फिसफिस वाढते आणि वरचे सूर झिजतात. म्हणून दोन रेकॉर्डिंगमध्ये निवड करताना मधल्या कॅसेटच्या पायऱ्या मोजा. कमी पायऱ्या, बरी टेप. ‘मास्टर’ हा शब्द असेल तर आधी तेच.

कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. बाजू उलटेपर्यंत वाजवणारे थांबत नाहीत, त्यामुळे एखाद्या उत्कट जागी तुकडा गायब असतो. वर्णनात ‘कट’ किंवा ‘पॅच’ असा उल्लेख शोधा. पॅच म्हणजे ते भोक दुसऱ्या टेपेने बुजवलं. आवाज अचानक बदलला तर तुमचे हेडफोन बिघडले नाहीत, तो पॅच आहे. गायकांचे आवाज बारीक आणि ठेका घाईचा वाटला तर टेप वेगाने चाललेली आहे. त्याच तारखेचं दुसरं रेकॉर्डिंग घ्या.

श्रोत्यांनी रेकॉर्डिंगला दिलेल्या ताऱ्यांकडे दुर्लक्ष करा. लोक त्या रात्रीच्या आठवणीला तारे देतात, तिथे स्वतः हजर होते म्हणून देतात. ते त्यांचं बरोबरच आहे, पण तुम्हाला त्यातून निवड करता येत नाही. अभिप्राय मात्र वाचा. कोणत्या गाण्यात किती मिनिटांवर काय बिघडलंय हे तिथे कुणीतरी नेमकं लिहून ठेवलेलं असतं.

पहिला टप्पा: एकच गाणं, चार वर्षं

यासाठी ‘डार्क स्टार’ घ्या असं पुष्कळजण सांगतील. तीन मिनिटांहून कमी लांबीची एकल तबकडी म्हणून १९६८ मध्ये आलेलं ते गाणं वर्षभरातच वीस मिनिटांच्या पलीकडे गेलं. पण त्यात धरायला फार थोडं आहे, नवखा माणूस त्यात हरवतो. मी ‘प्लेइंग इन द बँड’ सुचवेन, कारण त्याची वाढ पायरीपायरीने ऐकू येते.

या गाण्याची लय दहा मात्रांची. ड्रमर मिकी हार्टच्या एका दहा मात्रांच्या रचनेतून ते उगवलं. बँडचा गिटारवादक-गायक बॉब वीअरने त्याचं गाणं केलं, शब्द रॉबर्ट हंटरचे. १८ फेब्रुवारी १९७१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट चेस्टरच्या कॅपिटल थिएटरमध्ये ते प्रथम वाजलं, आणि त्याच रात्रीनंतर हार्ट काही वर्षांसाठी बँडमधून बाहेर पडला.

ऐकण्याचा क्रम असा ठेवा. आधी १९७१ चं कोणतंही एक, साधारण पाच मिनिटांचं. तीनदा ऐका, आणि दहा मोजता येईपर्यंत पुढे जाऊ नका. झपतालाची दोन-तीन-दोन-तीन अशी विभागणी इथे शोधू नये, नुसती आवर्तनं मोजावीत. मग १९७२ च्या वसंतातल्या युरोप दौऱ्यातलं एक घ्या, लंडनच्या लायसियममधल्या २३ ते २६ मेच्या रात्रींपैकी. गाणं तेच, पण मधला भाग आता फुलू लागलाय. नंतर २७ ऑगस्ट १९७२, ऑरेगन राज्यातलं व्हेनेटा. एका स्थानिक दुग्धालयाच्या मदतीसाठी भर उन्हात माळावर झालेला हा कार्यक्रम. इथे ते वीस मिनिटांच्या आसपास जातं. आणि मग २१ मे १९७४, सिएटल. शेहेचाळीस मिनिटं.

प्रत्येक वेळी तीनच गोष्टी टिपा. दहाचं आवर्तन कितव्या मिनिटाला सुटलं? सगळ्यात आधी कोण निघालं: जेरी गार्सियाची गिटार, फिल लेशचा बेस, की बिल क्रॉइट्झमनचे ड्रम? आणि परतीचा इशारा कुणी दिला? सिएटलला मूळ धून परत येते तेव्हा अंगावर काटा येतो. पण तो येतो पाच मिनिटांचं रूप कानात असेल तरच. थेट शेहेचाळीस मिनिटांवर उडी मारणाऱ्याला तो परतीचा क्षण कळतही नाही.

हार्टच्या या मात्रांच्या वेडाला आपल्याकडचा धागा आहे. १९६७ मध्ये त्याची उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी गाठ पडली आणि तालाकडे बघण्याची त्याची दृष्टीच बदलली. त्यानंतरच्या वर्षांतलं ‘द इलेव्हन’ अकरा मात्रांचं आहे. १९६९ च्या टेपांत ‘सेंट स्टीफन’च्या पाठोपाठ ते येतं, अवश्य मोजून बघा. पुढे माहीमला वाढलेले झाकिर हुसेन आणि हार्ट यांच्या दिगा रिदम बँडचा अल्बम १९७६ मध्ये निघाला. त्यातल्याच एका रचनेतून ‘फायर ऑन द माउंटन’ आलं. तबल्यावर वाढलेल्या कानाने ही गाणी ऐकली तर दोन ड्रमर एकमेकांना कुठे जागा देतात ते चटकन पकडता येतं. ग्रेटफुल डेड ऐकणाऱ्या मराठी माणसाजवळ ही मोठी शिदोरी आहे.

दुसरा टप्पा: लागोपाठच्या रात्री

आता ५, ७, ८ आणि ९ मे १९७७. न्यू हेवन, बॉस्टन, इथाका, बफेलो. यातली ८ मेची, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली मैफल अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल झालेली आहे. बहुतेक याद्या तिच्यापासूनच सुरू होतात. तुम्ही ती तिच्या जागी, तिसरी म्हणून ऐका.

या दिवसांचा आवाज इतका भरदार असण्याचं श्रेय ध्वनिमुद्रण करणाऱ्या बेटी कँटर-जॅक्सनला. तिने केलेल्या टेपांचे खोकेच्या खोके ऐंशीच्या दशकात, भाडं थकल्यामुळे, गोदामातल्या मालाच्या लिलावात विकले गेले. नंतर ते हळूहळू श्रोत्यांपर्यंत पोचले. ‘बेटी बोर्ड’ असा उल्लेख दिसला की डोळे झाकून ते रेकॉर्डिंग निवडावं.

कार्यक्रमाची बांधणी ठरलेली. पहिल्या सेटमध्ये सुटी, आटोपशीर गाणी. मध्यंतरानंतरच्या दुसऱ्या सेटमध्ये लांब, जोडून वाजवलेली. शेवटी एखादं निरोपाचं गाणं. पहिला सेट तुम्ही प्रवासात, स्वयंपाक करताना ऐकलात तरी चालेल. दुसऱ्या सेटला मात्र बैठक मारा, दीड तास मोकळा ठेवा, आणि गाण्यांची यादी आधी वाचू नका. पुढे काय येणार हे सभागृहातल्या माणसाला ठाऊक नव्हतं. ‘स्कार्लेट’चा शेवट विरघळू लागतो, ड्रम जरा जड होतात, आणि हे ‘फायर’कडे चाललेत अशी शंका तुम्हाला येते. ती शंका येण्यातच अर्धा आनंद आहे. यादी उघडून बसलात तर तो गेला.

कॉर्नेलचा दुसरा सेट ‘मॉर्निंग ड्यू’ने संपतो. तिथे गार्सिया कुजबुजीपासून सुरू करून गिटारच्या द्रुत झंकारापर्यंत चढत जातो. दुसऱ्या दिवशी बफेलोला ‘हेल्प ऑन द वे > स्लिपनॉट > फ्रँकलिन्स टॉवर’ या तिकडीने सुरुवात होते, आणि तिथला आत्मविश्वास आदल्या रात्रीतून आलाय असं मला प्रत्येक वेळी वाटतं. बफेलोची मैफल कॉर्नेलच्या सावलीत राहिली, यावर माझा जुना आक्षेप आहे. दोन्ही ऐकून तुमचं तुम्ही ठरवा.

दुसऱ्यांदा ऐकताना फक्त लेशचा बेस धरा. तो ठेका धरून बसत नाही, खालच्या सप्तकात स्वतंत्र धून विणतो. एकदा हे ऐकू येऊ लागलं की जुनी रेकॉर्डिंगही नवी वाटतात.

तिसरा टप्पा: वर्षांचा नकाशा

इथे सगळ्या वर्षांना सारखा वेळ देऊ नका.

१९६६ ते ६८ थोडंच ऐका, बँडचा गायक रॉन मॅककर्नन ऊर्फ पिगपेनच्या ब्लूजसाठी. १९६९ मधल्या २७ फेब्रुवारी ते २ मार्च या सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमधल्या रात्री मात्र सोडू नयेत. ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमचा मोठा भाग त्यांतूनच आला. १९७० मध्ये २ मे, हार्पर कॉलेज. आधी साध्या गिटारींवर, मग विजेच्या गिटारींवर.

१९७२ ते ७४ इथे मुक्काम करा. ड्रमर एकच असल्याने वळणं चपळ आहेत, कीथ गॉडशॉचा पियानो सगळ्यांना जोडून घेतो, आणि जॅझचा मोकळेपणा येतो. १९७४ ची टेप ऐकताना एक गोष्ट माहीत असावी. त्या वर्षी त्यांनी ‘वॉल ऑफ साउंड’ ही अवाढव्य, सुमारे ७५ टनांची ध्वनियंत्रणा फिरवली. स्पीकर वादकांच्या पाठीमागे होते. त्यांचाच आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरून शीळ वाजू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे उलट जोडणीचे दोन मायक्रोफोन असत आणि तो एकातच गाई. दोन्हींत सारखा शिरणारा आवाज कटे, गाणं उरे. त्यामुळे या वर्षी वाद्यं अप्रतिम आणि गायन पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं बारीक ऐकू येतं. तो टेपेचा दोष नाही. दुसरं रेकॉर्डिंग शोधण्यात वेळ घालवू नका.

हा डोलारा झेपेना, आणि ऑक्टोबर १९७४ नंतर त्यांनी विश्रांती घेतली. १९७५ मध्ये चारच कार्यक्रम. १९७६ ला परतले ते हार्टसह, दोन ड्रमर आणि संथ चाल घेऊन. १९७७ तुम्ही ऐकलंच आहे. एप्रिल १९७९ पासून ब्रेंट मिडलँडचे कीबोर्ड. १९८२ ते ८६ या काळात गार्सियाचा गळा आणि प्रकृती खालावत जाते. जुलै १९८६ मध्ये तो मधुमेहाने बेशुद्धावस्थेत गेला, आणि १५ डिसेंबरला ओकलंडमध्ये पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. त्या रात्रीची श्रोत्यांमधली टेप ऐका. वादनापेक्षा लोकांचा आवाज ऐकण्यासाठी.

१९८९-९० हा दुसरा बहर. ९ ऑक्टोबर १९८९ ला व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनमध्ये कित्येक वर्षांनी ‘डार्क स्टार’ परतलं. २९ मार्च १९९० ला न्यूयॉर्कजवळच्या नॅसॉ कोलिझियममध्ये सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस तालमीशिवाय ‘बर्ड साँग’मध्ये सामील झाला. दोन मिनिटांत गार्सिया आणि तो एकमेकांची वाक्यं पुरी करू लागतात. बँडला पूर्वी कधी न ऐकलेल्या मित्राला मी हे एक गाणं बेलाशक ऐकवेन. त्यानंतर चारच महिन्यांत मिडलँड गेला. ९१ ते ९५ या वर्षांत चांगल्या रात्री आहेत, पण विरळ. त्या शोधायला याद्यांची मदत घ्या. आता तुमच्या कानांना त्या याद्या तपासता येतील.

वही

साधी वही किंवा फोनमधली नोंद पुरे. तारीख, ठिकाण, कोणतं रेकॉर्डिंग ऐकलं त्याचा क्रमांक, आणि आवडलेल्या जागेचं मिनिट-सेकंद. क्रमांक लिहिणं टाळू नका. तीच तारीख वर्षभराने वाईट टेपेवर लागली की आपल्यालाच आपली नोंद खोटी वाटू लागते. ‘छान’, ‘अप्रतिम’ लिहू नका. ‘१४:२० ला बेस थांबतो, गिटार एकटी’ असं लिहा. लक्ष कुठे उडालं तेही लिहा. त्याच जागा सहा महिन्यांनी पुन्हा ऐका, त्यातल्या काही तुमच्या आवडीच्या झालेल्या असतील.

ड्रम्स आणि स्पेस

१९७८ पासून जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या सेटच्या मध्यावर दोघे ड्रमर एकटे वाजवतात, आणि त्यापाठोपाठ बाकीचे ताल-सुराविना नुसत्या नादांत शिरतात. बहुतेक लोक हा भाग पुढे ढकलतात. पहिल्या वेळी ढकला, हरकत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना फोनचा स्पीकर नको, मोठ्या स्पीकरवर किंवा चांगल्या हेडफोनवर लावा, कारण यातलं अर्धं काम कानाला जेमतेम लागणाऱ्या खर्जात चालतं. हा भाग आवडतच नसेल तर सप्टेंबर १९७८ मधल्या गिझाच्या तीन रात्रींकडे वळा. पिरॅमिडांच्या पायथ्याशी झालेल्या त्या कार्यक्रमांत न्युबियन वादक-गायक हमझा एल दिन टाळ्यांच्या ठेक्यावर आपलं गाणं सुरू करतो, आणि बँडचा एकेक वादक त्यात येऊन मिळतो. तिथून उलट चालत १९८९ च्या ‘ड्रम्स’कडे या.